आज पाय टेकला नाही

‘आज बोपदेव पाय न टेकता झाला.’ सायकलशी संबंध नसलेल्या माणसाला हे वाक्य सांगितलं, तर तो ‘वा, छान’ म्हणतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. तेच वाक्य कोंढव्याच्या पुढे, घाटाआधीच्या चहाच्या टपरीवर सांगितलं की प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. किती वाजता सुरू केला? वारा कुठून होता? शेवटच्या वळणाआधीच्या चढाला कुठला गिअर? बसून मारला की उभं राहून? मागून डंपर आला तेव्हा काय केलं? सांगणाऱ्याच्या कपाळावरचा घाम तोवर वाळलेला असतो. पण उत्तरं देता देता तो घाट पुन्हा एकदा चढतो, आणि या खेपेला त्याच्याबरोबर चार-पाच जण असतात.

पुण्यातल्या सायकलवाल्यांमध्ये वावरायला लागून मला आता पंधराएक वर्षं झाली. या काळात सायकलीबद्दल मराठीत पुष्कळ छापून आलं. विक्रम, वजन उतरवण्याचे उपाय, प्रदूषण, सायकल ट्रॅकचं राजकारण, परदेशी सायकलींच्या किमती. सकाळी टपरीवर जे बोललं जातं त्याची नोंद मात्र कुठेच झाली नाही, कारण ते फार किरकोळ असतं. कुणी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पंक्चर काढलेलं असतं. कुणाची मुलगी आधाराची चाकं काढून सोसायटीला एक पूर्ण फेरी मारून आलेली असते. कुणी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खडकवासल्यापर्यंत जाऊन आलेलं असतं. माझं म्हणणं असं, की आपल्याकडे सायकल पुन्हा रुजली त्यात या किरकोळ बातम्यांचा वाटा मोठा आहे. हौसेने सायकल घेणारे पुष्कळ. दुसऱ्या वर्षीही ती चालवताना दिसतात ते बहुतेक असे, ज्यांना सकाळची गोष्ट सांगायला कुणीतरी मिळालेलं असतं.

माझ्या लहानपणीच्या पुण्यात असं माणूस शोधावं लागत नसे. हे सायकलींचं शहर होतं. कारखान्यांचे भोंगे, कॉलेजांच्या घंटा आणि कचेऱ्यांच्या वेळा यांच्या हिशोबाने लक्ष्मी रस्त्यावरून, लकडी पुलावरून सायकलींचे लोंढे वाहायचे. घरात नवी सायकल येणं ही सगळ्या वाड्याची बातमी असे. हँडलला हार, मडगार्डवर कुंकवाचं बोट, पेढे, आणि पहिली फेरी कुणी मारायची यावरून पोरांची जुंपलेली. सायकलीला कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलीवर लागे. अंधार पडल्यावर दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं तर पोलीस चाकातली हवा सोडून देत. त्यामुळे ‘दादाने डायनॅमो बसवला’ हीसुद्धा जिन्यात थांबून सांगण्याची गोष्ट होती. आम्ही मुलं तासाच्या भाड्याने सायकल आणायचो आणि नळीखालून पाय घालून, कंबर वाकडी करून चालवायला शिकायचो. मग एके दिवशी सीटवर बसूनही पाय पुरायचे. ‘माझे पाय पुरायला लागले’ असं ओरडत मी आमच्या बोळात शिरले होते, तेव्हा पापड वाळत घालणाऱ्या शेजारच्या काकूंनी हातातलं काम टाकून मला पुन्हा एकदा चालवून दाखवायला लावलं होतं.

दिवाळीच्या आधी सायकलचं ओव्हरऑइलिंग व्हायचं. कोपऱ्यावरचा दुकानदार सायकल उलटी टांगून तिची हाडं न् हाडं सुटी करी. छर्रे रॉकेलच्या वाटीत पडत, काळं झालेलं ग्रीस चिंधीने पुसलं जाई. मग तो चाकाचा आऊट काढायला बसे. चाक गरगर फिरवायचं, रिमजवळ खडू धरायचा, खडू जिथे घासेल तिथली तार चावीने पाव फेरा आवळायची किंवा सैल करायची, पुन्हा फिरवायचं. शेवटी खडू कुठेच लागत नाहीसा झाला की तो काही न बोलता मान हलवी आणि चाक आम्हाला फिरवायला देई. त्या क्षणाचा आनंद त्याच्याही चेहऱ्यावर दिसायचा. परत येताना सायकल इतकी हलकी लागे की घरी पोचल्या पोचल्या ते सांगितल्याशिवाय चैन पडत नसे.

१९७२ मध्ये लुना आली. पुढे स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसण्याचे दिवसही सरले, आणि ‘गाडी घेतली’ या दोन शब्दांनी बातमीची जागा घेतली. सायकल उरली ती ज्यांना दुसरा पर्याय नव्हता त्यांच्याकडे. नव्वदच्या दशकात कुणी सायकलबद्दल आनंदाने काही सांगितल्याचं मला आठवत नाही. कॉलेजात सायकलने येणारी मुलं ती लांब, भिंतीआड लावून येत.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. सायकल परत आली असं आपण म्हणतो, पण पुष्कळ लोकांची ती कधी गेलीच नव्हती. दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, पोस्टमन, बांधकामावरचे मिस्त्री, वॉचमन हे सगळे त्या काळातही रोज तेवढेच पायडल मारत होते. हेल्मेट घालून पहाटे निघणाऱ्या आमच्यासारख्यांच्या घोळक्यात त्यांची बातमी कुणी विचारत नसे. आमच्या टपरीवर रात्रपाळी संपवून एक काका यायचे. जालन्याकडचे. काळी, जड सायकल, कॅरिअरला रबरी पट्ट्याने आवळलेला डबा. नमस्कार-चमत्कारापलीकडे आमचं बोलणं गेलं नव्हतं. एका सकाळी ते आपण होऊन म्हणाले, “ताई, पोरीला सायकल भेटली शाळंतून.” मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते, त्यातली ती होती. मग आमचे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. रंग कोणता? पुढे बास्केट आहे का? शाळा किती लांब? रस्ता कच्चा की डांबरी? काका एकेक उत्तर देत गेले. शाळा चार किलोमीटरवर होती आणि मधल्या ओढ्याला पावसाळ्यात पाणी यायचं. मुलगी रोज सायकल आतल्या खोलीत उभी करून झोपायची, शेळ्यांनी सीट चावू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पेढा दिला. आमच्यातल्या एकाने पंप आणि पंक्चरचं सामान बांधून दिलं, आणि गावी जाताना काका ते घेऊन गेले. पुढे कितीतरी दिवस कुणीही भेटलं की ‘काका, पोरगी काय म्हणते?’ हाच पहिला प्रश्न असायचा. गिअरच्या सायकली आणि काळ्या सायकली एकाच टपरीवर अशा बोलताना मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या.

गिअरच्या सायकली पुण्या-मुंबईत सर्रास दिसू लागल्या त्याच सुमारास ब्रेव्हे इकडे आली. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनने घालून दिलेल्या नियमांनी चालणारी ही लांब पल्ल्याची सायकलफेरी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. हातात एक कार्ड असतं, ठरलेल्या ठिकाणी त्यावर शिक्का घ्यायचा. वाटेत लागेल ते आपलं आपण बघायचं. बाहेरची मदत घ्यायची तर फक्त त्या शिक्क्याच्या ठिकाणी. अंधारासाठी दिवे आणि चमकणारं जाकीट सक्तीचं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की इथे पहिला-दुसरा नसतो. वेळेत आलेला प्रत्येक जण सारखाच पुरा झालेला असतो. मग शेवटच्या दहा मिनिटांत धापा टाकत पोचलेल्याची बातमी पाच तास आधी पोचलेल्यापेक्षा जास्त रंगते. तिच्यात सांगण्यासारखं जास्त असतं, एवढंच.

अशाच एका दोनशेला आम्ही पाचगणीहून परत येत होतो. जाताना खंबाटकी घाट, मग सुरूर फाट्याला वळून वाई, पुढे पसरणी घाट, आणि तोच रस्ता परत. सुरूरला महामार्गाला लागण्याआधी एका उसाच्या गुऱ्हाळापाशी एक पोरगा बसला होता. सोलापूरकडचा, विशीचा. साधी सायकल, अंगात कॉलेजचा टी-शर्ट, हातात अर्धं केळं. आम्ही थांबलो तसा तो उठून उभा राहिला आणि नावगाव न सांगताच म्हणाला, “सव्वाशे झाले माझे. शंभराच्या वर कधीच गेलो नव्हतो.” आमच्याबरोबर साठी ओलांडलेल्या एक ताई होत्या. त्यांनी सायकल आडवी टाकली आणि त्याच्यासमोर दगडावर बसल्या. “शंभरावा कुठे झाला? कळलं का तेव्हा?” तो म्हणाला, “पाचगणीत शिक्का मारला तिथंच. वळताना मीटर बघितला. मागं कुणीच नव्हतं. घरी फोन केला, तर वडील म्हणाले, बरं, जेवलास का?” आम्ही सगळे हसलो, तोही हसला. मग ताईंनी त्यांच्या पहिल्या शंभराची हकिगत सांगितली. त्या वेळी त्यांनी घरी फोन केला, तर घरच्यांनी येताना कोथिंबीर आणायला सांगितली होती. कुणी शेंगदाण्याचा लाडू काढला, कुणी मिठाची पुडी. रसाचे पैसे गुऱ्हाळवाल्याने त्या पोराकडून घेतले नाहीत. गुऱ्हाळवाल्यालाही आता कळलं होतं की सव्वाशे ही काही साधी गोष्ट नाही. पुढचे पाऊणशे किलोमीटर तो पोरगा आमच्याबरोबर आला. समोरून वारा होता, आणि एकामागे एक राहून तो सगळ्यांनी वाटून घेतला.

वडिलांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना मुलाच्या पोटाची काळजी होती. पण सव्वाशे किलोमीटर म्हणजे काय हे ज्याच्या मांड्यांना ठाऊक आहे, त्याने विचारलेला प्रश्न निराळा असतो. ‘अभिनंदन’ या शब्दाने संभाषण तिथेच संपतं. ‘शंभरावा कुठे झाला?’ या प्रश्नाने सांगणाऱ्याला पुढचं सगळं सांगायला जागा मिळते. इतक्या वर्षांत मी चांगल्या सायकलपटूंइतकेच चांगले प्रश्न विचारणारे लोक पाहिले, आणि घोळके टिकलेले पाहिले ते या दुसऱ्या प्रकारच्या लोकांमुळे.

मोठ्या बातम्याही याच काळात आल्या. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या मुदतीत. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकेकट्याने वेळेत पुरी केली. २०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. त्या दिवसांत टपरीवर विषय दुसरा नव्हता. पण बोलणं विक्रमावर फारसं रेंगाळत नसे. झोप कशी काढली, वाळवंटात पाणी कसं पुरवलं, बसून बसून कातडी सोलवटली तेव्हा काय लावलं, पोळी मिळाली का, असले प्रश्न. थोडक्यात, बोपदेववाल्याला विचारायचे तेच.

त्यांच्याआधी जवळपास शंभर वर्षं, १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये, मुंबईहून काही पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती फेरी पुरी केली आणि १९२८ च्या मार्चमध्ये ते परतले. जवळजवळ ७१,००० किलोमीटर. वाळवंटात आज पहिल्यांदा पाय टेकला नाही, हे त्यांनी संध्याकाळी कुणाला सांगितलं असेल? तिघे होते, म्हणजे एकमेकांना तरी सांगितलं असणार. अशी सफर एकट्याने करण्यापेक्षा तिघांनी का करावी, याचं मला पटलेलं हे एक कारण.

बायकांच्या बातम्या निराळ्या असतात हे मला थोडं उशिरा लक्षात आलं, मी स्वतः बाई असूनही. पुरुष अंतर सांगतात, चढ सांगतात. आमच्याकडची बातमी पुष्कळदा दोन शब्दांत असते: ‘एकटी गेले.’ पहाटे साडेपाचला, रस्त्यावर उजेड नसताना, घरच्यांना सांगून, कुणालाही सोबत न घेता. एनडीए रस्त्याने जाऊन परत, इतकंच. त्यात किलोमीटर मोजण्यासारखे नसतात. पण हे वाक्य आमच्यात कुणी उच्चारलं की सगळ्याजणी आपापली पहिली ‘एकटी’ सांगायला लागतात. त्यात कुत्री मागे लागल्याचं येतं, मोटारसायकलवरून कुणी सोबत सोबत चालल्याचं येतं, आणि चेन पडल्यावर ती स्वतः बसवून काळ्या हातांनी घरी गेल्याचंही येतं. आमच्या एका मैत्रिणीने पंचावन्नाव्या वर्षी सायकल शिकायला घेतली. तिने आठवडाभर कुणाला पत्ता लागू दिला नाही आणि मग एकदम मुलाच्या हापिसात सायकलवरून डबा नेऊन दिला. मुलगा खाली येऊन पार्किंगमध्ये नुसता उभा राहिला, म्हणे. आम्ही तिला तो प्रसंग इतक्यांदा सांगायला लावलाय की आता आम्हालाच तो पाठ आहे. डबा कोणत्या पिशवीत होता, तो हँडलला कसा अडकवला होता आणि वळणावर डाव्या गुडघ्याला कसा लागत होता, ते सगळं.

२०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. शेअर सायकलीही त्याच सुमारास रस्त्यावर आल्या, आणि थोड्या दिवसांत पुष्कळशा मोडल्या किंवा नाहीशा झाल्या. त्याबद्दल आनंदाने सांगण्यासारखं फार नाही. तरी विद्यापीठाच्या आवारात त्या सायकलींवर हात बसलेली दोन-तीन मुलं पुढे आमच्यात आली, हे नमूद करते.

२०२० च्या टाळेबंदीने मात्र सगळंच बदललं. सुरुवातीला बाहेर पडता येत नव्हतं. मग मोकळीक मिळाली, जिम बंद, बस बंद, आणि माळ्यावरच्या, गॅलरीतल्या, जिन्याखालच्या सायकली बाहेर निघाल्या. दुकानांत नवी सायकल मिळेना. त्या काही महिन्यांत ‘सायकल मिळाली’ हीच आनंदाची बातमी होऊन बसली, थेट माझ्या लहानपणीसारखी. दुरुस्ती करणाऱ्यांपुढे रांगा लागल्या. आमचे एक मेकॅनिक सांगत, की रोज कुणीतरी वडिलांची सायकल घेऊन येतं आणि ती चालू झाली की दुकानातच डोळे पुसतं. त्याच वर्षी ३ जूनला, म्हणजे २०१८ पासून संयुक्त राष्ट्रांनी जागतिक सायकल दिन ठरवलेल्या दिवशी, साहिबाबादच्या अ‍ॅटलास कारखान्यात काम थांबलं. देशात सायकलला इतकी मागणी असताना सायकलीचाच जुना कारखाना थांबावा, याची हळहळ आमच्यात पुष्कळांना वाटली. अनेकांची पहिली सायकल अ‍ॅटलास होती, त्या दिवशी सगळ्यांनी तिच्याच गोष्टी काढल्या.

त्या वर्षी एकत्र निघता येत नव्हतं. जो तो एकटा जायचा आणि घरी आल्यावर फोन करायचा. तेव्हापासून आमच्यात एक रिवाज पडला, तो आजही आहे. सकाळी कुणी कुठेही गेलं तरी परतल्यावर एक शब्द कळवायचा: ‘पोचले’ किंवा ‘पोचलो’.

हा शब्द मला या सगळ्या काळातला सगळ्यात मोठा वाटतो. आपल्या रस्त्यांवर सायकल चालवणं धोक्याचं आहे. पहाटेच्या अंधारात मागून येणारं वाहन, कडेला सांडलेली खडी, अचानक उघडलेलं मोटारीचं दार, महामार्गावर उलट्या दिशेने येणारा ट्रॅक्टर. घाटांतल्या आणि महामार्गांवरच्या अपघातांत आमच्या ओळखीचे लोक गेले आहेत. त्यांच्या नावाने आम्ही शांतपणे सायकली चालवल्या आहेत, पांढरी फुलं ठेवली आहेत. म्हणून ‘पोचलो’ ही बातमी कधी जुनी होत नाही. एखाद्याचा शब्द नऊ वाजेपर्यंत आला नाही तर फोन जातो. साडेनऊला उत्तर नसेल तर दोघं गाडी काढून त्या रस्त्याला लागतात. बहुतेक वेळा सापडतो तो फाटलेल्या टायरसकट एखाद्या पारावर बसलेला, फोनची बॅटरी संपलेला, गावकऱ्यांनी दिलेला चहा पीत. मग टेम्पोत सायकल टाकून मंडळी परत येतात, आणि तीच त्या आठवड्याची सगळ्यात चांगली बातमी असते.

अलीकडे स्ट्रावासारख्या अ‍ॅपवर सगळं आपोआप नोंदलं जातं. किती अंतर, किती चढ, हृदयाचे ठोके किती. अंगठा दाबला की शाबासकी पोचते. लांब गेलेल्यांसाठी ते चांगलंच आहे. आमच्यातली एक मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली, ती तिकडे बर्फात सायकल चालवते हे आम्हाला रोज दिसतं. पण आकडा आधीच दिसल्यामुळे विचारायचं राहून जातं. कुणाच्या नावापुढे ९६ किलोमीटर दिसतात. त्यातले शेवटचे दहा त्याने फक्त एका पायाच्या जोरावर काढले, हे तिथे लिहिलेलं नसतं. टपरीवर आल्याशिवाय ते कळत नाही. म्हणून आमच्याकडे एक साधी पद्धत ठेवली आहे: अ‍ॅपवर पाहिलं असलं तरी पाहिलं नाही असं धरून चालायचं आणि पहिल्यापासून विचारायचं.

आषाढात या विचारण्या-सांगण्याचं मोठं रूप दिसतं. नाशिकपासून सुरू झालेली पंढरपूरची सायकल वारी आता गावोगावच्या सायकलवाल्यांनी उचलली आहे. पुण्याहून पंढरपूर दोनशे किलोमीटरच्या वर आहे. पुष्कळ जण ते एका दिवसात करतात. वाटेत कुणाची चेन तुटली तर मागचा थांबतोच, आणि ‘माऊली’ म्हणूनच हाक मारतो. पंढरपुरात सायकलींचं रिंगण होतं. ते पाहण्यासारखं असतंच, पण त्याआधी मैदानाच्या कडेला जे चालतं ते मला जास्त आवडतं. लातूरचा, नगरचा, बारामतीचा माणूस एकमेकांना रस्ता सांगत असतो. टेंभुर्णीनंतर वारा कसा फिरला, कुठल्या गावात लिंबू-सरबत मिळालं, कोण पहिल्यांदाच आलंय. पहिल्यांदा आलेल्याला मध्ये उभं करतात आणि त्याच्याकडून सगळं ऐकून घेतात.

फ्रान्समध्ये १८९१ साली शर्यत म्हणून सुरू झालेली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १,२०० किलोमीटरची फेरी आता दर चार वर्षांनी होते, नव्वद तासांत पुरी करायची. २०१९ ला आणि २०२३ ला इथून बरेच जण गेले. २०१९ मध्ये जाताना समोरचा वारा आणि रात्रीची थंडी यांनी अनेकांना मध्येच थांबवलं. गेलेल्यांनी परत आल्यावर ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त सांगितलं, ती म्हणजे वाटेवरच्या ला तानिएर नावाच्या वस्तीतलं एक कुटुंब. ते घरासमोर टेबल मांडून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला कॉफी आणि धिरड्यासारखी क्रेप देतं. पैसे घेत नाही. घरी पोचलात की आपल्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठवा, एवढंच मागणं. आमच्यातल्या एकाने शनिवारवाड्याचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं. त्याची फेरी वेळेत पुरी झाली नव्हती. तरी त्याने कार्डावर लिहिलं की मी घरी पोचलो आणि तुमची कॉफी फार चांगली होती.

पुढची फेरी २०२७ च्या ऑगस्टमध्ये आहे. त्यासाठी २००, ३००, ४०० आणि ६०० अशा चारही ब्रेव्हे वेळेत कराव्या लागतात, त्यामुळे टपरीवर आत्तापासून बेत शिजायला लागले आहेत. डबा नेऊन देणारी आमची मैत्रीण पॅरिसचं नाव काढत नाही, पण तिने या थंडीतल्या दोनशेला नाव घातलंय. मुलाने तिला पुढचा दिवा आणि चमकणारं जाकीट आणून दिलं. खंबाटकी घाटात तिच्याबरोबर कोण राहणार यावरून आमच्यातल्या दोघांत वाद चालला होता. ज्याने नाव नोंदवलेलं नाही त्याने सोबत चालायचं नाही असा नियम निघाला, तेव्हा दोघांनीही नावं नोंदवली.